उठलं की अंधारी येते आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल: पंप सोडा, परतीची लाइन बघा

शनिवार पेठेत माझं पंपदुरुस्तीचं दुकान आहे. मोटर रिवाइंडिंग, सील बदलणं, सोसायट्यांच्या टाक्यांचे फ्लोट, हे रोजचं काम. मी डॉक्टर नाही. तरी लिहितोय, कारण गेल्या उन्हाळ्यात आमच्या अण्णांच्या बाबतीत घरातले सगळे दोन महिने चुकीच्या नटाला पाना लावून बसले होते, आणि त्यात सगळ्यात पुढे मी होतो. धंदा पंपाचा असून.

अण्णा ७४ वर्षांचे. मधुमेह पंधरा वर्षांचा, बीपीची गोळी त्याहून जुनी, प्रोस्टेटची गोळी दोन वर्षांपासून. पहिल्यांदा पहाटे पाच वाजता बाथरूमच्या दारात त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, चौकट धरून खाली बसले. दुसऱ्यांदा रविवारी आमरस-पुरीच्या पानावरून उठताना. तिसऱ्यांदा सारसबागेत, गणपतीचं दर्शन घेऊन बाकावर निवांत बसले होते, उठले आणि तोल गेला. दर वेळी अर्धं-एक मिनिट, मग जणू काही घडलंच नाही. सारसबागेत शेजारी बसलेल्या गृहस्थांनी "हार्टचं काहीतरी दिसतंय, दुर्लक्ष करू नका" असं सांगितलं आणि तिथून आमची वरात निघाली. ईसीजी, टू-डी एको, रक्ताच्या तपासण्या. एकोमध्ये पंपिंग चांगलं, झडपा ठीक. फाइल जाड झाली, अंधारी तशीच. एका ठिकाणी तर "वयोमानानुसार" एवढंच ऐकून घरी आलो.

तपासण्या चुकीच्या होत्या असं म्हणत नाही, हृदय आधी बघायलाच हवं. पण दोन महिन्यांत अण्णांचा दाब जितक्या वेळा मोजला गेला, तितक्या वेळा ते खुर्चीत बसलेले होते. तक्रार उठतानाची आणि मोजमाप बसल्याचं. गिऱ्हाइकानं सांगावं की तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही, आणि मी तळमजल्याचा नळ सोडून "धार मस्त आहे की" म्हणावं, तसलं झालं हे.

आधी शब्द नक्की करा

आपल्याकडे "चक्कर" या एका शब्दात तीन वेगळे त्रास झाकले जातात. आमच्या फॅमिली डॉक्टर बाईंनी अण्णांना पहिला प्रश्न हाच विचारला: खोली गरगर फिरते, की डोळ्यांपुढे काळोख येतो?

खोली फिरत असेल, आणि तेही गादीवर कूस बदलताना किंवा मान वर करून फळीवरचा डबा काढताना, तर बहुतेक वेळा कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाची गडबड असते. त्याचा इलाज वेगळा, हा लेख त्यासाठी नाही. डोक्यात काही होत नाही पण चालताना पाय लटपटतात, तर ते आणखी तिसरंच. आपला विषय म्हणजे अंधारी: उभं राहिल्यावर काही सेकंदांत ते दोन-तीन मिनिटांत कडेनं काळं होत जाणं, कानात सूं होणं, मानेत-खांद्यात ओढ, आणि बसलं किंवा आडवं झालं की लगेच बरं वाटणं. शेवटचा भाग लक्षात ठेवा. आडवं झाल्यावर बरं वाटतं, म्हणजे वर पोचत नव्हतं ते पोचायला लागलं.

मोजायचं कसं, आणि मी कुठे चुकलो

बाईंनी सांगितलेली पद्धत सोपी आहे. पाच मिनिटं शांत आडवं पडायचं, दाब आणि नाडी मोजायची. मग उभं राहायचं, एका मिनिटानं मोजायचं, तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजायचं. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त, नाहीतर खालचा आकडा १० किंवा त्याहून जास्त उतरला, तर दोष सापडला. शेजारी एक माणूस धरायला हवाच, आणि मागे खुर्ची. मोजता मोजता पाडू नका.

घरी पहिल्यांदा मोजलं तेव्हा आडवे असताना १४२/८०, आणि उभे राहिल्यावर १२८/७८. फरक चौदाचाच. मी म्हणालो, "अण्णा, तुमचं तर काहीच उतरत नाही." अण्णा म्हणाले, "तुझ्या मशीनला सांग मग, मी पडतो ते नाटक करतो म्हणून."

चूक मशीनची नव्हती, माझी होती. अण्णा उभे होते आणि त्यांचा हात मी खाली लोंबकळत ठेवला होता. गेज खालच्या पाइपावर लावला की जास्त दाखवतो आणि गच्चीवर लावला की कमी, हे मी रोज पोरांना शिकवतो. रक्तालाही तेच लागू. पट्टा हृदयाच्या पातळीपेक्षा जितका खाली, दर सेंटीमीटरमागे आकडा साधारण पाऊण मिलिमीटरनं (बीपी पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात) फुगतो. वीस सेंटीमीटर खाली असेल तर पंधराची भर फुकटात. दुसऱ्या दिवशी उभ्या अण्णांचा हात फ्रिजवर उशी ठेवून छातीच्या उंचीला टेकवला. आडवे १४२/८०, नाडी ६८. एक मिनिटानं ११२/६८, नाडी ७४. तिसऱ्या मिनिटाला ११६/७०. तीसची घसरण! त्या दिवशी अंधारी आली नव्हती, पण आकडा स्पष्ट होता.

वेळही बदलून बघा. सकाळी उठल्या उठल्या, आणि जेवणानंतर तासाभरानं. दुपारी चार वाजता सगळ्यांचंच बरं असतं.

आत नेमकं काय होतं

हृदय म्हणजे एक पंप नव्हे, एका लाइनीत मागेपुढे जोडलेले दोन. उजवा अंगभरचं परतलेलं रक्त फुप्फुसांकडे ढकलतो, डावा फुप्फुसांतून आलेलं सगळ्या शरीराला. एका ठोक्याला साधारण ७० मिली, मिनिटाला सत्तरेक ठोके, म्हणजे मिनिटाला पाच लिटरच्या आसपास. शरीरात एकूण रक्तच तेवढं असतं, पाच लिटर. दिवसाचा हिशेब केला तर सात हजार लिटर, आपल्याकडचा दहा हजारी टँकर पाऊण भरत येईल. आणि प्रेशर म्हणाल तर जेमतेम. बीपीचा १२० म्हणजे पाण्याच्या भाषेत १६३ सेंटीमीटर हेड, म्हणजे पाणी तेवढंच उंच चढेल. आमच्याकडे एवढ्या हेडचा पंप कोणी कपाटातसुद्धा ठेवणार नाही.

आता मुद्द्याचं. हृदय स्वतःहून रक्त खेचून आणत नाही म्हटलं तरी चालेल. त्याच्याकडे जेवढं परत येतं तेवढंच ते पुढे पाठवतं. जास्त आलं तर भिंती जास्त ताणल्या जातात आणि पुढचा ठोका जोरात बसतो, कमी आलं तर ठोका लहान पडतो. शरीरशास्त्रात याला फ्रँक-स्टार्लिंगचा नियम म्हणतात. दुकानात आम्ही म्हणतो, सक्शनला पाणी नसेल तर मोटर कितीही भारी लावा. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही म्हणून नवा पंप मागायला आलेल्या माणसाला मी आधी खालच्या टाकीचं झाकण उघडायला लावतो. कितीतरी वेळा टाकीच रिकामी असते, नाहीतर फूट व्हॉल्व, म्हणजे चढलेलं पाणी खाली परत जाऊ न देणारी पाइपाच्या तळाची झडप, गळत असतो.

शरीरातली ती खालची टाकी म्हणजे शिरा. धमन्यांकडे सगळ्यांचं लक्ष असतं, ब्लॉकेज वगैरे शब्द तिथलेच. पण रक्तापैकी जवळपास दोन तृतीयांश कोणत्याही क्षणी शिरांमध्ये असतं. त्या पातळ, सैल, पिशवीसारख्या फुगणाऱ्या. तुम्ही आडवे असता तेव्हा सगळं एका पातळीवर. उभे राहिलात की अर्धा लिटर ते पाऊण लिटर रक्त छातीतून सरकून पोट आणि पायांत जमतं. परत येणारं कमी, म्हणून ठोका लहान, म्हणून दाब कमी. त्यात मेंदू हृदयाच्या वर तीसेक सेंटीमीटर, तिथे पोचेपर्यंत आणखी वीस-बावीसची घट. अंधारी ती हीच. मेंदूचा पुरवठा पूर्ण तुटला तर दहाएक सेकंदांत शुद्ध जाते, इतकी तिथली सहनशक्ती कमी.

मग आपण सगळेच रोज का पडत नाही? कारण मानेत जबड्याच्या कोपऱ्याखाली आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत प्रेशर स्विच बसवलेले आहेत. दाब घसरला की ते मेंदूच्या देठाला कळवतात, तिथून हुकूम सुटतो: नाडी वाढवा, रक्तवाहिन्या आवळा. एक-दोन ठोक्यांत काम सुरू होतं. घरातला पाइप आवळता येत नाही, शीर आवळता येते, आणि इथे माझी पंपाची उपमा हात टेकते. आमच्या धंद्यात असा पाइप कोणी आणला तर मी दुकान बंद करीन.

दुसरी सोय पोटऱ्यांत आहे. नुसतं ताटकळत उभं राहिलं तर घोट्याजवळच्या शिरेत नव्वदेक मिलिमीटर दाब साठतो. चालायला लागलं की पोटरीचा स्नायू दर पावलाला शीर पिळतो आणि तोच दाब तिसावर किंवा त्याखाली येतो. पिळलेलं रक्त खाली परत जात नाही कारण शिरांत झडपा आहेत, आमचा फूट व्हॉल्वच. खोटं वाटत असेल तर आत्ता बघा. हात मिनिटभर खाली सोडा म्हणजे शिरा फुगतील. मनगटाच्या वर एक ठसठशीत शीर निवडा, एका बोटानं तिथे दाबून धरा, दुसऱ्या बोटानं तिथून कोपराकडे शीर पुसत न्या आणि ते वरचं बोट उचला. झडप ओलांडली असेल तर मधला तुकडा सपाटच राहतो, वरचं रक्त खाली येत नाही. खालचं बोट सोडा, झटकन भरतो. विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरनं १६२८ साली छापलेल्या पुस्तकात हाताच्या शिरांची अशीच चित्रं आहेत, दंडाला पट्टी आवळून केलेली. त्याच्या गुरूंनी झडपा पाहिल्या होत्या, त्या तिथे का आहेत हे शिष्यानं ओळखलं. मी हा प्रयोग अण्णांच्या हातावर केला. त्यांनी दिवसभर घरी येणाऱ्या प्रत्येकाला करून दाखवला.

आमच्या केसमध्ये परतीला काय कमी पडत होतं

एकच फॉल्ट असता तर मजा. निघाले चार.

पहिला पाणी. अण्णांनी संध्याकाळी सहानंतर पाणी सोडलं होतं, रात्री उठायला नको म्हणून. मे महिन्याचं पुण्यातलं कोरडं ऊन, घाम येतो तो दिसतही नाही, लगेच वाळतो. दिवसभरात चार पेले. त्यात एकादशी. टाकी अशी रिकामी होते.

दुसरा आणि मोठा, गोळ्या. बीपीच्या एकाच गोळीत दोन औषधं होती, त्यातलं एक लघवी वाढवून पाणी काढणारं. आणि प्रोस्टेटची गोळी मूत्रमार्गाचा स्नायू सैल करते, तशी थोडीफार रक्तवाहिन्यांनाही सैल करते. स्विचनं "आवळा" म्हणून सांगायचं आणि गोळीनं "राहू दे" म्हणायचं. दोन्ही गोळ्या दोन वेगळ्या डॉक्टरांच्या, दोन वेगळ्या कागदांवर. सगळ्या पट्ट्या एका टेबलावर मांडून कोणी बघितल्याच नव्हत्या. हे तुमच्याकडेही असेल. आज रात्रीच मांडा.

तिसरा जेवण. पोटभर गोड जेवलं की रक्त आतड्यांकडे वळतं, आणि म्हाताऱ्या माणसात जेवणानंतर दोन तासांत दाब वीसनं उतरू शकतो. आमरसाचा रविवार यात बसला. बायकोनं हे ऐकून "म्हणजे माझा आमरस गुन्हेगार" असा अर्थ काढला, तो मिटवायला वेगळा वेळ गेला.

चौथा नसांचा. वरचे आकडे पुन्हा बघा: दाब तीसनं पडला आणि नाडी फक्त सहानं वाढली. टाकी नुसती रिकामी असती, म्हणजे जुलाब, उलट्या, रक्तस्राव, तर नाडी जोरात धावली असती. ती जागेवर रेंगाळते म्हणजे स्विचची वायर मंद झाली आहे. जुन्या मधुमेहात या नसा झिजतात. हे पूर्ण दुरुस्त होत नाही, बाईंनी स्पष्ट सांगितलं. उलट तरुण मुलामुलींत दाब पडत नाही पण उभं राहिल्यावर दहा मिनिटांत नाडी तीसहून जास्त वाढून राहते, असंही एक दुखणं असतं. म्हणून दाबाबरोबर नाडी लिहाच.

काय बदललं

गोळ्या बाईंनी बदलल्या, आम्ही नाही. पाणी काढणारं औषध काढलं, प्रोस्टेटची गोळी दुसरी दिली. कृपा करून स्वतः बीपीची गोळी बंद करू नका. अशा लोकांचा आडवं असतानाचा दाब बऱ्याचदा जास्तच असतो, एकीकडे वाचवायला जाल आणि दुसरीकडे फुटेल.

पाणी सकाळीच जास्त. उठण्याआधी गादीवर बसूनच दोन मोठे पेले, जवळपास अर्धा लिटर, घोट घोट नाही, सलग. ज्यांच्या या नसा मंद आहेत त्यांचा दाब अशानं काही मिनिटांत वर येऊ लागतो आणि अर्ध्या तासाच्या सुमाराला सगळ्यात जास्त चढतो. अण्णांना हे सगळ्यात लागू पडलं. पण हृदय कमजोर असेल, पायांना सूज असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पाणी आणि मीठ दोन्ही डॉक्टर सांगतील तेवढंच.

पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा. उशा वाढवून भागत नाही, त्यानं नुसती मान वाकते, पूर्ण पलंग तिरका हवा. सपाट झोपल्यावर छातीत रक्त जास्त जमतं, दाब चढतो, मूत्रपिंडं रात्रभर पाणी काढत बसतात आणि सकाळपर्यंत टाकी खाली. विटांनंतर अण्णांचं रात्रीचं उठणं तीनवरून एकावर आलं. संध्याकाळी पाणी न पिण्याचा सगळा खटाटोप ज्यासाठी होता, ते विटांनी केलं.

उठण्याची पद्धत: कुशीवर वळायचं, पाय खाली सोडून बसायचं, वीस-पंचवीस वेळा पंजे वरखाली करायचे, मुठी आवळायच्या, मग उभं राहायचं, आणि उभं राहिल्यावर लगेच चालू पडायचं नाही, काहीतरी धरून पाच श्वास. बाहेर अंधारी येतेय असं वाटलं तर पायांची कैची करून मांड्या आणि ढुंगण घट्ट आवळायचं. तरी नाही थांबलं तर लाज न बाळगता उकिडवं बसायचं, आपल्या पिढ्यांना ते जमतंच. मात्र उकिडव्यावरून उठताना घाई केली तर तोच प्रकार उलटा होतो, म्हणून देशी संडासात भिंतीला दांडा बसवून घ्या. पुरुषांनी रात्री लघवी बसून करावी. अण्णांना हे पटायला आठवडा लागला.

लांब घट्ट मोज्यांबद्दल फार विचारतात. गुडघ्यापर्यंतच्या मोज्यांचा आम्हाला काही उपयोग झाला नाही, आणि पुण्याच्या मे महिन्यात ते घालायला लावणं हा छळ आहे. जमणाऱ्या रक्ताचा मोठा वाटा पोटात असतो, त्यामुळे पोटाचा पट्टा बरा. उठण्याआधी बांधायचा, आडवं होताना काढायचा.

आंघोळीचं पाणी कोमट. कढत पाण्यानं कातडीच्या रक्तवाहिन्या सैल होतात.

घरी मोजत बसायचं नाही अशा वेळा

श्रम करताना किंवा आडवं असताना शुद्ध गेली, छातीत दुखलं, अंधारीच्या आधी धडधड झाली किंवा ठोके चुकले, बोलणं अडखळलं, एक हात-पाय लुळा पडला, डांबरासारखी काळी शी झाली, रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना पडून डोक्याला लागलं, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा. हलवण्यासारखी अवस्था नसेल तर १०८ लावा.

आजची स्थिती: आडवे १३८/८०, एक मिनिटानं उभे १२४/७४, नाडी ६६ वरून ७२. फरक चौदाचा, आणि या वेळी हात फ्रिजवर टेकवलेला आहे. रविवारी दुपारी जेवणानंतर अजून वीसच्या आसपास उतरतो. त्याला उपाय म्हणून पुऱ्या चारच्या दोन झाल्या आहेत, आमरसाची वाटी कमी करायला अण्णा तयार नाहीत, आणि जेवण झालं की ते ताटावरून थेट न उठता पाटावरच अडकित्ता घेऊन अर्धा तास सुपारी कातरत बसतात. खात नाहीत, नुसती कातरतात.